डाव्या चाकाची माणसं

आमच्या घरी हल्ली पाहुणे आले की पाणी पिऊन होताच पहिला प्रश्न येतो, "गुरुजी, ट्रॅक्टरचं काय?" तब्येत, मुलं, पाऊसपाणी हे सगळं त्यानंतर. गेल्या दोन वर्षांत आमच्या त्या छोट्या ट्रॅक्टरनं शेतात काम किती केलं ते विचारू नका, पण किस्स्यांचं पीक मात्र एकही हंगाम चुकलं नाही. आणि किस्से एकट्या माझ्याकडे असते तर मी ते गुपचूप ठेवले असते. ते एकोणीस जणांकडे आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि अंथुर्ण्यात घरच्या शेतीत लक्ष घातलं. उसाच्या दोन सऱ्यांमधून चालेल असा छोटा ट्रॅक्टर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आता आमचं त्यांच्याशी बरं चाललंय.

ट्रॅक्टर घरी आला, हार घातला, पेढे वाटले. आठव्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या चाकाखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. चाकाच्या आतलं तेल, ते अडवणाऱ्या रबरी सीलमधून गळत होतं.

मी बारामतीला शोरूममध्ये फोन केला. तिथला माणूस अगदी प्रेमानं म्हणाला, "सर, नवीन गाडी आहे. सील सेट होतंय."

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन केला. "होतंय सर, सेट होतंय."

महिन्यानं आमच्या मंडळी अंगण झाडता झाडता थांबल्या. ट्रॅक्टरखाली आता पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावर पोतं होतं आणि पोत्यावर परात होती. ती परात त्यांची होती. त्या म्हणाल्या, "ते सील सेट होईल तेव्हा होईल. आमी मात्र सेट झालो."

* * *

शेवटी ट्रॅक्टर टेम्पोत घालून बारामतीच्या वर्कशॉपला नेला. तिथं पाहतो तर आमच्याच मॉडेलचे आणखी दोन ट्रॅक्टर रांगेत उभे. दोघांचंही पुढचं डावं चाक काढलेलं. आमचा गेला आणि तिघं झाले.

शेजारी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून एक वयस्कर गृहस्थ भाकरी खात बसले होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, एक पाय लांब सोडलेला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचाबी डावा का?"

"हो, डावंच चाक."

"माझाबी डावाच," ते म्हणाले आणि लांब सोडलेल्या पायावर हात ठेवला. "गुडघा. मागच्या साली बदलला. डॉक्टरनं सकाळी आत घेतलं, संध्याकाळी चालवलं. हितं चाक आत गेलंय त्याला अकरावा दिवस हाय."

हे दत्तूतात्या. कोऱ्हाळे बुद्रुकचे, जन्मभर ऊस केलेला माणूस. मी पिशवीतली चटणी काढली, त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. जेवून उठेपर्यंत आम्ही दोघांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायचं ठरवलं होतं. नाव तात्यांनीच सुचवलं, 'डावं चाक'. वर्कशॉपच्या मेकॅनिकनंच हळूच बाकीच्या मालकांचे नंबर दिले. महिनाभरात बारामती आणि इंदापूर मिळून एकोणीस जण जमले. बाकी ग्रुपांवर सकाळी फुलं येतात, आमच्या ग्रुपवर तेलाच्या डागांचे फोटो यायचे.

* * *

मग कंपनीनं हेल्पलाइन सुरू केली. वर्कशॉपला येऊ नका, आमचा माणूस शेतावर येईल, असं कळवलं. तात्यांचं सील पुन्हा फुटलं तेव्हा मी योगायोगानं त्यांच्या बांधावर होतो. त्यांनी फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू केला.

पलीकडून मुलीचा गोड आवाज. "सर, आपलं वाहन सध्या कुठे आहे?"

"उसात."

"सर, रस्त्यापासून किती अंतरावर?"

"रस्त्याचं काय विचारू नका बाई. उसात हाय."

"बरं सर. जवळची काही खूण सांगाल का?"

तात्यांनी टाचा उंच करून चारी बाजूंना पाहिलं. खरंच पाहिलं. मग म्हणाले, "ऊस."

"सर, वाहनाच्या उजव्या बाजूला काय आहे?"

"ऊस."

"डाव्या बाजूला?"

तात्या चाकाकडे वाकले. "डाव्या बाजूला तेल सांडलंय. त्याच्या पल्याड ऊस."

मुलीनं सगळं नोंदवून घेतलं, आभार मानले. दहा मिनिटांनी मेसेज आला. तात्यांनी तो मला वाचायला दिला. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

तात्या म्हणाले, "पाच द्या. पोरगी लई आदबीनं बोलली."

* * *

कंपनी काहीच करत नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. आधी काळं सील बदलून हिरवं सील आलं. ते दीड महिना टिकलं. मग दोन ओठांचं निळं सील आलं. ते बांधणीच्या, म्हणजे उसाला माती चढवायच्या ऐन कामात फुटलं. दोन्ही वेळा आम्ही आनंदानं पेढे खाल्ले, हे आता सांगायला लाज वाटते.

तिसरा उपाय म्हणून कंपनीनं आम्हालाच दुरुस्त करायचं ठरवलं. एका मंगल कार्यालयात चालकांचं प्रशिक्षण ठेवलं. सर्व्हिस इंजिनिअर म्हणून नलावडे नावाचे तिशीतले गृहस्थ आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात रिमोट, पडद्यावर चित्रं. दुसऱ्याच चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तेलगळतीचं प्रमुख कारण: चालकाची चूक'.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. चाळिशीच्या आतल्या, अंगात पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा. या उज्ज्वलाताई, आमच्याच अंथुर्ण्याच्या.

"साहेब, जरा मागचं चित्र दाखवता का? ट्रॅक्टर चालतोय ते."

नलावड्यांनी दाखवलं. हिरवळीवर ट्रॅक्टर, मागं निळं आभाळ.

"ह्या चित्रातल्या चालकाची काय चूक न्हाय ना?"

"नाही, हा बरोबर चालवतोय."

"मग त्याला आमच्याकडं धाडा," ताई म्हणाल्या, "न्हायतर ती हिरवळ तरी धाडा. आमच्याकडं चिखल हाय."

सगळे हसले. नलावडेही हसले, पण नंतर चहाच्या वेळी ते कप घेऊन आमच्या कोपऱ्यात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, खरं सांगू? ते पान मी बनवलेलं नाही. तेल का गळतं ते मलाही कळलेलं नाही."

त्या दिवशी कंपनीचं कुणीतरी पहिल्यांदा आमच्याशी खरं बोललं. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

* * *

आता उज्ज्वलाताईंचं सांगतो, कारण आमच्यासाठी ती गळती म्हणजे कटकट होती, त्यांच्यासाठी जगण्याचा प्रश्न होता.

त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला आणि पोरांना शाळेत घातलं. ताईंचे वडील तलाठी होते, नवरा मिलिंद लोणी देवकरला कारखान्यात शिफ्टवर असतो. ताईंनी स्वतःच्या दोन एकरांसाठी ट्रॅक्टर घेतला, चालवायला शिकल्या आणि मग लोकांच्या उसाची बांधणी करून द्यायची कामं धरली. सुरुवातीला कुणी बोलवत नव्हतं. बाई चालवणार म्हटल्यावर लोक "बघू, सांगतो" म्हणायचे. सहा महिन्यांनी पहिलं मोठं काम मिळालं, शेजारच्या गावात एका बागायतदाराचा चार एकर ऊस.

दुपारपर्यंत दीड एकर झाला आणि निळं सील फुटलं. तेल सगळं मातीत गेलं, चाकातून करकर आवाज यायला लागला. बांधावर पाचसहा माणसं जमली. त्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तरी मी म्हणत हुतो. हे बायामाणसाचं काम न्हाय."

ताईंनी फोन काढला. ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'माझं पण गेलं. काम अर्धं राहिलंय.'

दोन तासांनी त्या शेताच्या कडेला एक ट्रॅक्टर येऊन थांबला. कोऱ्हाळ्याहून दत्तूतात्या स्वतः चालवत आले होते, नवा गुडघा घेऊन. त्यांच्या ट्रॅक्टरला दोनच दिवसांपूर्वी नवं सील बसलं होतं, म्हणजे अजून महिनाभर तरी खात्री होती.

बागायतदार पुढे झाला. "या तात्या. बरं झालं तुमी आलात. राहिलेलं तुमीच उरका."

तात्या खाली उतरले, किल्ली ताईंच्या हातात दिली आणि बांधावर जाऊन बसले. म्हणाले, "माझ्यानं एवढं सरळ निघत न्हाय. मी तिचं बघायला आलोय."

दिवस मावळायच्या आत अडीच एकर झालं. ज्यानं टोमणा मारला होता त्यानं जाताना ताईंना विचारलं, "आमचा बी एक एकर हाय, कधी जमंल?" ताईंनी वहीत बघून तारीख दिली. पंधरा दिवस पुढची. मला वाटतं ती वही बरीचशी रिकामीच होती.

* * *

यानंतर दोन महिने ग्रुपवर सगळ्यांचे फोटो येत राहिले. ताईंचा एकही आला नाही. मला वाटलं, कंटाळून फोटो टाकणंच सोडलं असेल. बाजारात भेटल्या तेव्हा विचारलं, "ताई, तुमचं सील कितवं चाललंय?"

"तवा बसवलं तेच हाय, गुरुजी."

"गळत नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "न्हाय की. तुमी इचारलं तवा ध्यानात आलं."

मी तिथूनच नलावड्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते ताईंच्या अंगणात हजर. या वेळी पायात गमबूट होते. तात्याही कोऱ्हाळ्याहून आले, मी माझा ट्रॅक्टर घेऊन गेलो.

नलावडे ट्रॅक्टरखाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "ताई, ही नळी कसली?"

पुढच्या ॲक्सलवरून एक काळी नळी निघून वर स्टिअरिंगच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली होती. ठिबकची नळी, आमच्याकडे शेतात पावलोपावली सापडते तीच.

"तितं एक बारकं टोपण हुतं," ताई म्हणाल्या. "मागं चाक मीच घरी खोललं, तवा ते तुटलं. शोरूमवाला म्हणला तीन आठवडे लागतील. उघडं ठेवलं तर वड्यातनं जाताना पाणी आत जाईल म्हणून नळी बसवली. काय चुकलं का?"

"कंपनीच्या नियमानं याला वॉरंटी मिळत नाही," नलावडे म्हणाले. ते तोंडातून सवयीनं गेलं असावं, कारण लगेच म्हणाले, "एक पाण्याची बाटली देता?"

त्यांनी अर्धी बाटली पाणी घेतली, दांड्याला बांधली आणि नळीचं टोक त्यात बुडवलं. ताईंना म्हणाले, "शेतात दोन फेऱ्या मारून या."

ताई फेऱ्या मारून आल्या. बाटलीत खालून बुडबुडे येत होते. एकामागून एक, शांतपणे. नलावड्यांनी पटकन नळी बाहेर काढली. "आता थंड होताना हेच पाणी आत ओढून घेईल," ते म्हणाले.

मग माझ्या ट्रॅक्टरकडे वळले. माझ्या ॲक्सलवरचं ते बारकं टोपण चिखलानं आणि उसाच्या पाचटाच्या, वाळल्या पानांच्या भुशानं गच्च बसलं होतं. नलावड्यांनी पान्यानं ते सैल केलं. फुस्स करून हवा सुटली, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर तेलाचा फवारा उडाला आणि माणूस असा खुश झाला, की जणू कुणी गुलाल उडवलाय.

गोष्ट एवढीच होती. चालून चालून ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला कंपनीनं एक भोक ठेवलं होतं, पण इतकं खाली, की आमच्या चिखलात ते चार दिवसांत बुजायचं. मग हवा सगळ्यात कच्चं, म्हणजे डाव्या चाकाचं सील फोडून, तेल घेऊन बाहेर पडायची. सील काळं असो, हिरवं असो की निळं.

तात्या सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे वरीसभर आमी चालकांनी चूक केली. आमी त्याचं नाक बघितलंच न्हाय."

* * *

नलावड्यांनी त्याच दिवशी कंपनीला फोटोंसकट कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं, बाहेरून बसवलेला कोणताही भाग मान्य नाही. ते उत्तर त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. चेहरा पार उतरला होता. वर साहेब लोक नाराज झाले आहेत, बदली होईल असं दिसतंय, असंही म्हणाले.

आम्ही उत्तराची वाट पाहत बसलो नव्हतोच. बुडबुडे पाहिल्यापासून चार दिवसांत एकोणीसच्या एकोणीस ट्रॅक्टरांना नळ्या बसल्या होत्या. ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडे ताई स्वतः जाऊन बसवून आल्या.

पुढचे तीन महिने हेल्पलाइनला या दोन तालुक्यांतून एकही फोन गेला नाही. सीलची एकही मागणी नाही. शेवटी कंपनीच्या मोठ्या कचेरीतून बारामतीच्या शोरूमला फोन आला. साहेबांनी काळजीनं विचारलं, "तुमचं वर्कशॉप बंद पडलंय का?"

शोरूमवाल्यानं खरं काय ते सांगितलं. मग चक्रं हलली. नलावड्यांची बदली झाली खरी, पण ती ज्या विभागात नवे भाग तपासतात तिथं. जाताना ते तात्यांच्या पाया पडले. तात्या म्हणाले, "साहेब, तितं गेल्यावर आधी थोडा चिखल मागवा."

* * *

या हंगामाच्या सुरुवातीला कंपनीची गाडी अंथुर्ण्यात आली. नलावडे होते आणि त्यांच्याबरोबर डिझाइन विभागाच्या मुख्य बाई. केस पांढरे, चष्मा, बोलणं अगदी साधं. ताईंच्या अंगणात सतरंजी टाकली होती. तात्या आले होते, मी होतो, मिलिंदनं रजा घेतली होती. मिलिंदच्या आईनं सगळ्यांना कांदेपोहे केले.

बाईंनी खोकं उघडलं. आत कंपनीचा नवा, अधिकृत भाग. काळी रबरी नळी, दोन्ही टोकांना स्टीलची क्लिप, वर छापलेला नंबर. देशातल्या या मॉडेलच्या प्रत्येक ट्रॅक्टरला तो आता फुकट बसवून मिळणार होता. बाईंनी पहिला भाग ताईंच्या हातात दिला. म्हणाल्या, "हा तुमचाच आहे."

ताईंनी नळी उलटसुलट करून पाहिली. क्लिप दाबून पाहिली. "सुतळीपेक्षा ह्ये बरं हाय," म्हणाल्या.

मग बाई जरा पुढे सरकल्या आणि वही उघडली. "उज्ज्वलाताई, मला एक गोष्ट तुमच्याकडून समजून घ्यायची आहे. आम्ही प्रयोगशाळेत दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत सगळ्या लांब्या तपासल्या. आखूड नळीत पाणी जातं, लांब नळी दबते, वळते, तिच्यात तेल अडकतं. पाच महिने गेले. सगळ्यात चांगली लांबी निघाली बेचाळीस सेंटिमीटर." त्यांनी ताईंच्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. "आत्ता येताना नलावड्यांनी तुमची नळी मोजली. बेचाळीस. आमच्याकडे यंत्रं होती, इंजिनिअर होते. तुम्ही ही लांबी कशावरून ठरवली?"

नलावडे मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. ताईंनी मिलिंदकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग पदराला हात पुसले.

"तेवढाच तुकडा उरला हुता," त्या म्हणाल्या.

बाईंनी ते लिहून घेतलं.